मुका मार: सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरी डोकं ताळ्यावर का येत नाही?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नाशिकला शाळेतून घरी येताना गंगापूर रोड सोडून आत वळले आणि पावसाने वाहून आलेल्या बारीक खडीवर माझी गाडी स्लिप झाली. वेग म्हणाल तर सायकलचा. डोक्यावर हेल्मेट होतं, शुद्ध हरपली नाही, रक्ताचा थेंब नाही. दोन पोरांनी गाडी उचलून दिली, मी ड्रेस झटकला आणि गाडी चालवत घरी आले. नवऱ्याने विचारलं, "कुठल्या रस्त्याने आलीस?" मला सांगता येईना. त्याने तसंच गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन झाला. "मॅडम, रक्तस्राव नाही, फ्रॅक्चर नाही. मुका मार आहे. आठ-दहा दिवसांत बऱ्या व्हाल."

दहाव्या दिवशी मी ओट्यापाशी हातात पिठाची चाळणी घेऊन उभी होते आणि तिला काय म्हणतात तेच आठवत नव्हतं. कूस बदलली की खोली फिरायची. पोराने ताटलीवर चमचा वाजवला की वस्सकन अंगावर जायचे. आणि दाखवायला काही नाही. टाके नाहीत, प्लास्टर नाही. हात मोडला असता तर चार माणसं बघायला तरी आली असती.

मी मराठी शिकवते, डॉक्टर नाही. पण पुरतं बरं व्हायला मला साडेचार महिने लागले. त्या काळात न्यूरो, कान-नाक-घसा, डोळ्यांचे डॉक्टर आणि फिजिओ अशा सगळ्या खुर्च्यांवर बसून झालं. प्रत्येकाने आपापल्या विषयाचं नीट सांगितलं, पण सगळं एका कागदावर कुणी दिलं नाही. तो कागद हा.

सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट आधी सांगते. "डोकं ठीक नाही" या एका तक्रारीत पाच-सहा निरनिराळी दुखणी एकत्र बांधलेली असतात: मानेचं, कानाचं, डोळ्यांचं, झोपेचं, गोळ्यांचं, मनाचं. ती मोट सोडली की जवळजवळ प्रत्येकावर काहीतरी करता येतं. मोट तशीच ठेवून "आराम करा" म्हटलं की महिने जातात.

आधी हे बघा, मग पुढचं वाचा

पुढचा लेख डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेल्या माणसासाठी आहे. खालचं काहीही दिसलं तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. डोकेदुखी तासागणिक वाढत जाणं. पुन्हा पुन्हा उलट्या. फिट येणं. बोलणं जडावणं, हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं. डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं. हाका मारूनही नीट जागं न होणं, माणसं न ओळखणं. नाका-कानातून पाण्यासारखा पातळ द्रव येणं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांबाबत एक गोष्ट वेगळी आहे. साठी-सत्तरीच्या माणसाला डोक्याला लागलं, त्यातून तो रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेत असला, तर मेंदूवरच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचू शकतं आणि त्याचा त्रास तीन-चार आठवड्यांनीही सुरू होऊ शकतो. बाथरूममध्ये घसरले होते, तेव्हा काहीच झालं नाही, आणि आता महिन्याभराने आजोबांचा तोल जातोय, बोलण्यात ताळमेळ नाही, दिवसभर झोपून असतात. अशा वेळी "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. पुन्हा स्कॅन लागतो, आणि वेळेत गेलं तर हे बरं होणारं दुखणं आहे.

स्कॅनमध्ये न दिसणारं काय असतं

मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो. जोरात धक्का बसला की तो आतल्या आत हेलकावतो आणि पेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि ही सगळी घडी पुन्हा बसवायला पेशीला जास्त साखर, म्हणजे जास्त ऊर्जा लागते. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा थोडा कमी झालेला असतो. मागणी वाढली, पुरवठा घटला. सीटीत रक्त दिसतं, मोडलेलं हाड दिसतं. हा ऊर्जेचा तुटवडा दिसत नाही. साधा एमआरआयसुद्धा बहुतेकदा स्वच्छच येतो. त्यामुळे नव्या धोक्याच्या खुणा नसतील तर पुन्हा पुन्हा स्कॅन करून हाती काही लागत नाही. आणि हो, शुद्ध हरपली नाही म्हणजे मेंदूला धक्का बसला नाही, असंही नाही. अशा बहुतेक माणसांची शुद्ध जात नाही.

मोठ्या माणसांपैकी बहुतेकजण दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना चार आठवड्यांपर्यंत लागतात. चार आठवड्यांच्या पुढेही त्रास राहिला तर डॉक्टर त्याला रेंगाळलेली लक्षणं म्हणतात. ज्यांना आधीपासून मायग्रेन आहे, चिंतेचा किंवा नैराश्याचा त्रास आहे, किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांतच ज्यांना खूप लक्षणं होती, त्यांच्यात रेंगाळण्याची शक्यता जास्त असते. मला मायग्रेन विशीपासून आहे. हे मी पहिल्या भेटीत सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही सांगा.

पहिलं काम: वही

दोनशे पानी वही नको, पोराची अर्धी राहिलेली चालते. रोज तीन वेळा, म्हणजे उठल्यावर, दुपारी आणि झोपताना, त्रासाला शून्य ते दहा आकडा द्यायचा आणि शेजारी लिहायचं, त्याआधी काय केलं. माझ्या वहीतलं एक पान, २९ जुलै: "सकाळी ३. दोन तास तोंडी परीक्षा, दुपारी ७. रिक्षाने घरी, मान दगड. झोपले दोन तास. रात्री ५, झोप नाही दीडपर्यंत. गोळ्या २."

त्या वेळी मला हे रडगाणं वाटलं होतं. पण फिजिओने दहा पानं चाळली आणि विचारलं, "मॅडम, रविवारीसुद्धा सकाळी ५ का असतं तुमचं? रविवारी तर शाळा नसते." शनिवारी उशिरापर्यंत जागून मी रविवारी दहाला उठत होते, म्हणून. वहीशिवाय हे कळलं नसतं. डॉक्टरांकडे मिळतात दहा मिनिटं, त्यात "दुखतं हो सारखं" यापलीकडे काही सांगून होत नाही. वही पुढे केली की ती दहा मिनिटं कामी येतात.

दोन दिवस आराम. मग पुरे.

पूर्वी सांगायचे, अंधाऱ्या खोलीत पडून राहा, वाचू नका, टीव्ही नको, काहीही नको. माझ्या सासूबाईंनी तर पडदे शिवून घ्यायचं काढलं होतं. आता हे मत बदललं आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, एक-दोन दिवस आराम केलेल्या मुलांपेक्षा पाच दिवस कडक आराम केलेल्या मुलांनी जास्त लक्षणं सांगितली. ॲमस्टरडॅमला २०२२ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांची परिषद झाली, तिचा सल्लाही तोच: पहिले २४ ते ४८ तास बेताचा आराम, त्यात घरातली हलकी हालचाल, स्क्रीन कमी, आणि मग हळूहळू चालायला लागा.

पहिल्या रात्री झोपू द्यायचं नाही, हेही जुनंच. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्या. किती वेळाने उठवून बघायचं ते त्यांनाच विचारून घ्या.

"हळूहळू" म्हणजे किती, याला एक चांगलं माप आहे आणि ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. काम करताना त्रास दहापैकी दोनपर्यंत वाढला आणि तासाभरात खाली आला, तर चालेल, करत राहा. दोनपेक्षा जास्त वाढला किंवा तासाभरानेही उतरला नाही, तर आज जास्त झालं, उद्या थोडं कमी. म्हणजे सकाळी ३ असेल तर ५ पर्यंत घाबरायचं नाही. थोडा त्रास म्हणजे नवी इजा नव्हे, हे डोक्यात बसायला मला महिना लागला. त्याआधी माझी तऱ्हा ठरलेली होती. बरं वाटलं त्या दिवशी साठ वह्या तपासायच्या, पाळणाघराच्या बाईंना फोन, वर पुरणपोळ्या. मग पुढचे दोन दिवस आडवं. बऱ्या दिवशी हात आखडता घेणं हे वाईट दिवशी झोपून राहण्यापेक्षा अवघड आहे, निदान बायकांना.

मोट सोडवूया

*मान.* डोकं आपटतं तेव्हा मानेलाही हिसका बसतो, आणि मानेतून निघालेलं दुखणं डोक्यात जाऊन बसतं. ओळख अशी: मागून, कवटीच्या बुडापासून वर चढणारी, बहुतेक एका बाजूची डोकेदुखी, मान फिरवली की किंवा रिक्षाने खड्डा घेतला की वाढणारी. याला फिजिओ लागतो. माझ्या डोकेदुखीतला निम्मा भाग मानेचा निघाला. हनुवटी आत ओढण्याचे आणि खांद्याच्या पात्यांचे साधे व्यायाम, दिवसातून तीनदा. वह्या मांडीवर घेऊन तपासणं बंद केलं आणि टेबलावर पाट ठेवून त्यावर वह्या घेतल्या. एक मात्र कळकळीचं सांगणं: सलूनमध्ये चंपी झाल्यावर 'कट्' करून मान मोडून देतात, ते अजिबात करून घेऊ नका. मानेत मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत. तेलाचा हलका हात चालेल, झटका नको.

*कान.* कूस बदलताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना किंवा उठून बसताना खोली गरकन फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, असं असेल तर दोष मेंदूचा नसून आतल्या कानाचा असण्याची बरीच शक्यता आहे. तिथे कॅल्शियमचे बारीक खडे असतात. आदळल्यावर ते जागेवरून सुटून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमध्ये शिरतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा या कामातले फिजिओ तुम्हाला पटकन आडवं करून डोळ्यांची थरथर बघतात, कुठल्या कानाचं आहे ते ओळखतात आणि डोकं ठरावीक क्रमाने फिरवून खडे परत जागेवर घालवतात. एपली नावाच्या डॉक्टरांची ही पद्धत आहे. मी पाच आठवडे चक्कर थांबवायची गोळी खात होते. त्या दिवशी टेबलावर दहा मिनिटं लागली. दुसऱ्या खेपेला उरलेली चक्कर गेली. यूट्यूबवर बघून घरी करायचा मोह होतो, पण कान कुठला, नळी कुठली आणि मान दुखावलेली आहे का, हे आधी कळायला हवं.

चक्कर गरकन फिरण्याची नसेल, नुसतं जहाजावर उभं असल्यासारखं वाटत असेल, बाजारात गर्दीत, मॉलच्या रांगांमध्ये जास्त होत असेल, तर त्यावर वेगळे व्यायाम आहेत. मी कॅलेंडरशेजारी भिंतीवर मोठा 'क' चिकटवला होता. नजर 'क'वर ठेवून मान डावी-उजवीकडे हलवायची, अक्षर धूसर होऊ द्यायचं नाही. सुरुवातीला वीस सेकंदांत मळमळायचं. वरच्या मापात बसेल एवढंच करायचं आणि दर आठवड्याला थोडं वाढवायचं. चक्करच्या गोळ्या मात्र महिनोन्‌महिने घेऊ नका. त्या मेंदूला नव्याने तोल सावरायला शिकू देत नाहीत. डॉक्टरांना विचारून कमी करा.

*डोळे.* चष्म्याचा नंबर बरोबर, तरी ओळी एकमेकींत सरकतात, दहा मिनिटं वाचलं की कपाळ दुखतं, फळ्यावरून वहीकडे आणि वहीवरून फळ्याकडे नजर नेताना अक्षरं उशिरा येतात. जवळच्या वस्तूवर दोन्ही डोळे एकत्र आणण्याची ताकद कमी झाली की असं होतं. घरी अंदाज घेता येतो. पेनाचं टोक समोरून नाकाकडे आणत जा आणि ते दोन दिसायला लागतं तिथे थांबून पट्टीने मोजा. साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत एकच दिसायला हवं. माझं चौदावर दोन होत होतं. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना नुसतं "नंबर तपासा" म्हणू नका, डोक्याला लागल्याचं सांगा आणि डोळे जवळ नीट जुळतात का ते बघायला सांगा. व्यायाम त्यांच्याकडूनच घ्या. दरम्यान मोबाईलचं अक्षर मोठं करा, वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब बघा.

घरात काळा गॉगल लावून बसणं मात्र टाळा. कानात सतत कापूस घालणंही. सवयीने उजेड आणि आवाज अधिकच टोचायला लागतात. उन्हात गॉगल, घरात नाही. हे मला ढोलपथकांनी शिकवलं. ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीमागच्या पटांगणात रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. नाशिकचा ढोल तो, छातीत वाजतो. पहिले चार दिवस मी माहेरी पंचवटीत जाऊन बसले. तिथे गोदाघाटावर दुसरं पथक. शेवटी पळून जाणं सोडलं. पाच मिनिटं बाल्कनीचं दार उघडं, मग बंद. दुसऱ्या आठवड्यात दहा. विसर्जनाला मी मिरवणुकीत गेले नाही, पण दोन गल्ल्या अलीकडे उभी राहून पाहू शकले.

*डोकेदुखीच्या गोळ्या.* हा भाग वाचून काहीजणांना राग येईल. पहिले काही दिवस पॅरासिटामॉल ठीक आहे (सुरुवातीचे दोन दिवस ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, रक्तस्रावाची भीती असते). पण साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, अथवा दोन-तीन औषधांची मिळून असलेली गोळी दहा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिने चालली की गोळीच डोकेदुखी तयार करायला लागते. न्यूरोच्या डॉक्टरांनी माझी वही उलटीकडून वाचली आणि "गोळ्या २, गोळ्या २, गोळी १" मोजत गेले. महिन्याला चोवीस दिवस भरले. मेडिकलवाला ओळखीचा, पाकीट पुढे करतो, आपण घेतो. आठवड्याला दोन दिवसांच्या वर जाऊ नका, आणि जायची वेळ येत असेल तर डॉक्टरांकडे जा. मायग्रेनच्या वळणाची डोकेदुखी असेल तर ती रोखायची वेगळी औषधं असतात.

मेंदू लवकर बरा करणारं टॉनिक मात्र अजून कुणाला सापडलेलं नाही. महागाच्या बाटल्या घ्यायच्या आधी एकदा विचारा, "हे न घेतल्यास काय होईल?"

*झोप आणि पोट.* रोज एकाच वेळी उठा, रविवारीसुद्धा. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी. चहा चारनंतर बंद. हे मी सगळ्यात उशिरा पाळलं आणि त्यानेच सगळ्यात जास्त फरक पडला. मद्य पूर्ण बंद, हे पुरुषमंडळींसाठी. उपास नकोत: रिकाम्या पोटी डोकेदुखी हमखास. श्रावणी सोमवार सुरू झाले तेव्हा मी धरायच्या बेतात होते. सासूबाईच म्हणाल्या, "अगं, देव काय हजेरी घेतोय का? खा मुकाट्यानं." त्या महिनाभर मीठ-मोहरीने दृष्टही काढत होत्या. त्याने इजा काही झाली नाही.

थकवा जात नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. माझं बी-१२ तळाला होतं. सगळ्याचं खापर डोक्यावर फोडायचं नाही.

*मन.* चिडचिड, रडू येणं, "आपण कायमचे असेच राहणार" ही भीती. मेंदूच्या धक्क्यानेही हे होतं, आणि रोजचं जगणं विसकटल्यानेही. दोन्ही खरं असतं. भीतीने माणूस सतत स्वतःचीच नाडी बघत बसतो आणि लक्षणं मोठी होतात. याचा अर्थ ती मनाची आहेत असा नाही. समुपदेशनाचा इथे खरा उपयोग होतो. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. जीव नकोसा वाटायला लागला तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी फोन करा आणि घरात सांगा.

चालणं, पण नाडीवर बोट ठेवून

बफेलो विद्यापीठातले जॉन लेडी यांनी ट्रेडमिलवरची एक चाचणी बसवली आहे. हळूहळू चढ वाढवत न्यायचा आणि कुठल्या नाडीला लक्षणं वाढतात ते बघायचं. मग त्या आकड्याच्या ८० ते ९० टक्क्यांवर रोज व्यायाम. समजा १२० ठोक्यांवर डोकं ठणकायला लागलं, तर ९६ ते १०८ च्या मध्ये राहायचं, रोज वीस मिनिटं. एक-दोन आठवड्यांनी मर्यादा पाच-दहा ठोक्यांनी वर. त्यांच्या गटाच्या २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात असा व्यायाम केलेली किशोरवयीन मुलं साधारण १३ दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग केलेली १७ दिवसांत. व्यायाम इथे औषध आहे, म्हणून त्याला मात्रा आहे. हृदयविकार, रक्तदाब असेल तर ही चाचणी तज्ज्ञांसमोरच करा.

मी गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी सहाला जायचे. मुद्दाम सपाट जागा निवडली. मान हलते म्हणून धावणं नाही. मनगटावर पोराचा स्मार्ट बँड. पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांत १०४ आणि डोक्यात ठोका. तिथेच बाकावर बसले. आजूबाजूने सत्तरीचे काका गप्पा मारत पुढे गेले, लाज वाटली. सहा आठवड्यांनी त्यांच्या पुढे होते. बँड नसेल तर सोपी खूण: चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. पांडवलेणीच्या पायऱ्या शेवटी ठेवा. चढताना दम आणि उतरताना खाली बघणं, दोन्ही एकदम येतं.

कामावर परत

पूर्ण बरं झाल्यावर जाईन, असं म्हणू नका आणि तिसऱ्या दिवशी आठही तास उभे राहू नका. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र दिलं, त्यात नेमकं लिहून घेतलं होतं: दोन आठवडे चारच तासिका, दोन तासिकांनंतर पंधरा मिनिटं शांत खोलीत, परिपाठ आणि सभागृहातले कार्यक्रम नाहीत, पेपर तपासणी अर्ध्या तासाच्या तुकड्यांत. नुसतं "हलकं काम द्यावं" लिहिलं की हलकं म्हणजे काय हे दुसराच कुणीतरी ठरवतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यात मशीनवर काम असेल, उंचीवर चढायचं असेल, फोर्कलिफ्ट चालवायची असेल, तर चक्कर पूर्ण जाईपर्यंत तिथे जाऊच नका, आधी दुसरं काम मागून घ्या.

प्रवासात सिटीलिंकच्या बसमध्ये पुढची खिडकी पकडायची आणि लांब बघायचं, मोबाईलमध्ये डोकं घातलं की मळमळ आलीच. दुचाकी मी नवव्या आठवड्यात पुन्हा घेतली. माझी परीक्षा अशी होती: मान दोन्हीकडे वळवून पटकन मागे बघता येतं का, आणि बघून झाल्यावर रस्ता हलत तर नाही ना. सोसायटीत, मग कॉलनीत, मग रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर. गर्दीचा द्वारका चौक दिवाळीनंतर.

मुलांचं थोडं वेगळं. खेळताना डोक्याला लागलं तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, कितीही "मी ठीक आहे" म्हणू दे. आधी शाळा पूर्णवेळ जमायला हवी, मग खेळ. खेळाच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत: रोजच्या हालचाली, हलका व्यायाम, एकट्याने खेळाचा सराव, धक्का न लागणारा संघाचा सराव, डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव, मग सामना. प्रत्येक पायरीला कमीत कमी एक दिवस, त्रास झाला तर एक पायरी खाली. कबड्डीची चढाई शेवटी. आणि रंगपंचमी जवळ असेल तर त्या वर्षी रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा (उडी) नाही. आधीचा मार पुरता भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो फार महागात पडू शकतो.

चार आठवड्यांनंतरही त्रास आहे, तर वही घेऊन परत जा आणि ही पाच नावं घेऊन विचारा: मान तपासली का, कान तपासला का, डोळे जुळतात का, गोळ्या जास्त होतायत का, झोप कशी आहे. डिस्चार्ज कार्ड, सीटीची फिल्म आणि बिलं एका पिशवीत ठेवा. अपघाताची पोलिसांत नोंद झाली असेल तर तिची प्रतही. विम्याच्या वेळी शोधाशोध होत नाही.

राहिलं हेल्मेट. माझ्या हेल्मेटवर बाहेरून फक्त एक ओरखडा होता, म्हणून नवरा ते खुंटीला टांगून ठेवणार होता. पण आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, पुढच्या वेळी तो धक्का शोषत नाही. पडलेलं हेल्मेट बदलायचं, आयएसआयची खूण बघून नवं घ्यायचं, हनुवटीखालचा पट्टा दोन बोटं जाईल इतपत घट्ट. जुनं भंगारात देण्याआधी पट्टे कात्रीने कापून टाका. नाहीतर ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जातं.